‘शकुंतला’ आगगाडीविषयींचें लेखन व मालवाहतुकीचे कागद

वऱ्हाडांतील मूर्तिजापूर स्टेशनापासून अडीच फुटी रुळांचे दोन फांटे निघाले. एक उत्तरेस अचलपुरापर्यंत गेला व दुसरा कारंजा, दारव्हा या गांवांवरून यवतमाळापर्यंत. दोहोंची लांबी मिळून सुमारें १९० किलोमीटर भरते. या मार्गावरील गाडीस लोकांनीं ‘शकुंतला’ हें नांव दिलें व तेंच रूढ झालें. १९९४ च्या एप्रिलांत तिचें वाफेचें एंजिन काढून घेण्यांत आलें, २०१६ सालीं मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली, आणि २०२० साल संपण्यापूर्वी दोन्ही फांट्यांवरील गाड्या थांबल्या होत्या. एंजिन निवृत्त झाल्यापासून आजपर्यंतच्या तीस वर्षांत या गाडीवर जेवढें लेखन झालें, तेवढें ती भरधांव नसली तरी भरून धांवत होती त्या काळांत खचित झालें नसेल. वृत्तपत्रांतील स्मरणलेख, चित्रसंग्रह, माहितीपट, शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिकांतील आठवणी, असा हा संभार आहे. त्यांतील आम्हांस मिळालें तेवढें आम्हीं वाचलें, व त्याचें परीक्षण येथें करीत आहों.

ज्या पृष्ठांवर सनदा, महजर व पोथ्यांचे पाठभेद छापावयाचे, त्या पृष्ठांवर आगगाडी कशाला, असें एखादा वाचक म्हणेल. ज्या मार्गावर वऱ्हाडचा कापूस वाहिला गेला तो मार्ग इतिहासाचा विषय नव्हे, असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. आणखी असें कीं, या लेखनांत जे दोष आम्हांस आढळले ते बखरींत आढळणाऱ्या दोषांहून जातीनें निराळे नाहींत. राजवाडे यांनीं १८९८ सालीं साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झाडाझडती घेतली, तिचा विसर आपणांस पडलेला नसावा.

प्रथम या लेखनाचा गुण सांगितला पाहिजे. जें कोणत्याहि दप्तरांत सांपडणार नाहीं असें कांहीं या स्मरणलेखकांनीं टिपून ठेविलें आहे. मोजक्या नोकरांनीं सारी गाडी चालवावी, तिकिटें देणें, सिग्नल पाडणें, एंजिन सोडविणें व जोडणें हीं सर्व कामें त्यांच्याच हातांनीं व्हावीं, हें वर्णन अनेकांनीं जवळून पाहून केलेलें आहे आणि तें एकमेकांशीं जुळतें. चालत्या गाडींतून उतरून पुन्हां चढतां येई, असें जवळजवळ प्रत्येकजण लिहितो. ही साक्ष समकालीन व प्रत्यक्ष आहे, आणि तेवढ्या मर्यादेंत आम्हीं ती निःशंकपणें स्वीकारतों. अडचण येते ती लेखक आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें सोडून जेव्हां इतिहास सांगूं लागतो तेव्हां.

मार्गाच्या उत्पत्तीचें साल घ्या. कोठें १९०३, कोठें १९१०, कोठें १९१६, असें छापलेलें आढळतें. कंपनी स्थापन होणें, रूळ घातले जाणें, एक फांटा सुरू होणें, दोन्ही फांटे पुरे होणें, या चार निराळ्या गोष्टी आहेत व त्या चार निराळ्या सालीं होऊं शकतात. आपलें साल यांपैकीं कशाचें, हें सांगण्याची तसदी कोणीं घेतलेली दिसत नाहीं. कांहीं लेखांत तर ‘१८५७ पासूनची गाडी’ असें विधान आहे. हें साल आलें कोठून तें सहज दिसतें. हा मार्ग ज्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा, ती कंपनी मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीनें काढिली, व त्या पेढीची स्थापना १८५७ ची. पेढीचें साल एका लेखकानें प्रस्तावनेंत घातलें, दुसऱ्यानें तें गाडीला चिकटविलें. १८५७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची मुख्य गाडी अद्याप बोरघाट चढली नव्हती. घाटाचा चढाव १८६३ त खुला झाला, थळघाटांतून इगतपुरी गांठली ती १८६५ त, आणि नागपूर १८६७ त. मुख्य गाडी यावयाच्या आधीं तिचा फांटा निघाला, असें मानणें म्हणजे नातवाच्या मुंजीस आजोबांचें बारसें मागाहून करण्यासारखें आहे.

दुसरा मासला याहून बोधप्रद आहे. मार्गावरील सिग्नलांवर ‘लिव्हरपूल, १८९५’ अशीं अक्षरें ओतलेलीं आहेत, असा उल्लेख वारंवार येतो, व त्यावरून गाडी एकोणिसाव्या शतकांतील असें अनुमान केलें जातें. पोथ्या हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस या अनुमानांतील छिद्र दाखविण्याची गरज नाहीं. कागदांतील पाणचिन्हावर जें साल असतें, त्यापूर्वीं त्या कागदावर लिहिलें गेलें नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. त्यानंतर दहा वर्षांनीं लिहिलें कीं चाळीस, हें पाणचिन्ह सांगत नाहीं. ओतीव लोखंडाचा न्याय तोच. लोखंड तर कागदाहून टिकाऊ. एका मार्गावरून काढून दुसऱ्या मार्गावर बसवितां येतें. १८९५ हें साल खांबाचें आहे. मार्गाचें तें आहे असें म्हणावयाचें तर निराळा पुरावा हवा.

आतां सर्वांत लोकप्रिय समजाकडे वळूं. ‘वऱ्हाडचा कापूस या गाडीनें मूर्तिजापुरास, तेथून मुंबईस व तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांस जाई’ हें वाक्य शब्दांच्या थोड्याफार फेरानें बहुतेक सर्व लेखांत आहे. तें उच्चारावयास गोड आहे, व त्यांत पारतंत्र्याची सारी कथा एका ओळींत मावते, म्हणूनच तें एवढें टिकलें असावें. परंतु कालाचा मेळ पाहा. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरचा कापूस अडला तो १८६१ ते १८६५ या वर्षांत. त्या वेळीं हिंदुस्थानच्या कापसास इंग्लंडांत अपूर्व मागणी आली व मुंबईंत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपतांच लँकेशायर आपल्या जुन्या गिऱ्हाइकीकडे परत गेलें, कारण तेथील यंत्रांस लांब धाग्याचा कापूस लागे व आमचा धागा आंखूड. वऱ्हाडच्या ज्या कापसास अमरावतीच्या नांवावरून बाजारांत ‘ऊमरा’ म्हणत, तो पुढें कोणी घेतला? मुंबईच्या गिरण्यांनीं घेतला. १८७७ त निघालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या जवळच्या गिरण्यांनीं घेतला. युरोपखंडांतील गिरण्यांनीं घेतला. आणि पहिल्या महायुद्धापूर्वींच हिंदी कापसाचा सर्वांत मोठा परदेशी खरेदीदार जपान झाला होता. आमची ‘शकुंतला’ विसाव्या शतकाची. तिच्या वाघिणींतून गेलेली एकहि गांठ मँचेस्टरास पोंचली नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण तिच्या कापसाची मुख्य वाट तीच होती, हें विधान पन्नास वर्षांपूर्वींच्या परिस्थितीचें ओझें नंतरच्या गाडीवर लादणारें आहे.

हा समज इतका घट्ट कां बसला याचें कारण आमच्या मतें एंजिनांत आहे. सत्तर वर्षें ही गाडी ओढणारें झेड-डी जातीचें एंजिन १९२१ सालीं मँचेस्टरास बांधलेलें होतें. एंजिन मँचेस्टरचें, तेव्हां कापूसहि मँचेस्टरचाच, असा हा तर्क. एंजिन आलें त्या बाजूनें कापूस गेला असेल, या तर्कास प्रमाण म्हणावें तर ओसाका व कोबे येथें गेलेल्या गांठींचें काय करावयाचें?

इंग्लंडास अजून ‘रॉयल्टी’ भरावी लागते, या आवडत्या कथेबद्दल फार लिहिण्याचें कारण नाहीं. मार्ग कंपनीचा, गाड्या चालविणार ग्रेट इंडियन पेनिन्शुला व पुढें सरकारी रेल्वे, आणि उत्पन्नांत कंपनीस वांटा, असा हा करार होता. किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय भांडवलदारांच्या हातीं गेली. कंपनीस दिलेला वांटा म्हणजे परराष्ट्रास दिलेली खंडणी नव्हे. चौथाई व सरदेशमुखी यांतला भेद ज्यांस कळतो त्यांस हाहि कळावा.

येथपर्यंत चुकांविषयीं झालें. आमची मुख्य तक्रार मात्र चुकांविषयीं नाहीं, गाळलेल्या मजकुराविषयीं आहे. ही गाडी कापसासाठीं निघाली, असें सर्व लेखक पहिल्या परिच्छेदांत सांगतात, आणि मग शेवटपर्यंत कापूस पुन्हां दिसत नाहीं. दिसतात तीं एंजिनाची शिटी, धुराचा लोट, खिडकींतून दिसणारें बाभळीचें रान आणि लेखकाचें बालपण. प्रवाशाच्या बाकावर बसून केलेलें हें स्मरण आहे. मालाच्या डब्यांत कोणी डोकावलें नाहीं. आगगाडीच्या इतिहासांत हा पक्षपात जुनाच. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पाहुण्यांची गाडी सर्वांस पाठ आहे. पण मद्रासेजवळ रेड हिल्स येथील रुळांवरून १८३७ त दगड वाहिले जात होते आणि रूडकीजवळ सोलानीच्या पुलाच्या कामीं १८५१ त वाफेचें एंजिन मातीचे डबे ओढीत होतें. माल थोरला आणि प्रवासी धाकटा, हा क्रम आपल्याकडे उलटा शिकविला जातो. आमच्या मराठीनें मात्र मालाच्या डब्यास जवळ केलें. ‘वॅगन’ची ‘वाघीण’ करून तिनें जो शब्द घेतला, तसा प्रवाशाच्या कोणत्याहि डब्यासाठीं घेतलेला आम्हांस ठाऊक नाहीं.

मालाकडे पाहिलें म्हणजे या मार्गाचें मर्म कळतें, व तें मूर्तिजापुराच्या मालधक्क्यावर आहे. फांट्याचे रूळ अडीच फुटांचे, मुख्य मार्गाचे साडेपांच फुटांचे. एकावरची वाघीण दुसऱ्यावर जाणें अशक्य. म्हणून यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अचलपूर येथून आलेली प्रत्येक गांठ मूर्तिजापुरास उतरवावी लागे व मोठ्या वाघिणींत पुन्हां भरावी लागे. दाबलेल्या गांठीचें वजन ३९२ रत्तल धरीत. हें वजन हमालांच्या पाठींनीं एका गाडींतून दुसऱ्या गाडींत नेलें. अरुंद मार्ग स्वस्तांत बांधतां येतो हें खरें. पण बांधतांना वांचलेला पैसा पुढें वर्षानुवर्षें कोणाच्या श्रमांतून व व्यापाऱ्याच्या कोणत्या तोट्यांतून वसूल होत राहिला, हा प्रश्न एकाहि स्मरणलेखांत विचारलेला नाहीं. बार्शी लाइट रेल्वेचा विषय याच्याशीं ताडून पाहण्यासारखा आहे. ती १८९७ त सुरू झाली, रूळ तितकेच अरुंद, आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं प्रत्येक आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं नये असा हिशोब करून तिचे डबे आंखले. तिच्याविषयींचें लेखन अधिक नेमकें आहे, याचें श्रेय लेखकांच्या गुणास नसून कॅलथ्रॉप यांनीं आपले हिशोब छापून ठेविले त्यास आहे. जेथें कागद आहे तेथें स्मरणहि नीट चालतें.

‘शकुंतले’चे कागद कोठें आहेत? याचें उत्तर वाटतें तितकें निराशाजनक नाहीं, व त्यासाठींच आम्हीं हा लेख या त्रैमासिकाकडे पाठविला. कापूस पाठविणारा अडत्या स्टेशनावर माल आणी. मालबाबू वजन करून, गांठींवरील मार्का उतरून घेऊन पावती फाडी. तिलाच आपल्याकडे बिल्टी म्हणत. ती ज्याच्या हातीं त्याला माल मिळे, म्हणून ती टपालानें मुंबईच्या पेढीकडे जाई आणि तिच्या आधारावर हुंडी लिहिली जाई. जोखीम मालकाची कीं रेल्वेची, तेंहि तिच्यावर लिहिलेलें असे. म्हणजे एका कागदावर माल, वजन, पाठविणारा, घेणारा, भाडें, तारीख व स्टेशन हें सारें सांपडतें. इतकी माहिती एकत्र देणारीं मराठेशाहींतील जकातीचीं पत्रें आपण सोन्याच्या मोलानें जपतों!

वजनासंबंधीं एक गोष्ट येथेंच सांगतों, कारण मापांच्या अभ्यासकांस तिचा उपयोग आहे. ३९२ रत्तलांच्या दोन गांठी मिळून ७८४ रत्तल होतात, आणि मुंबईची कापसाची खंडी नेमकी तेवढीच. रेल्वेचा हिशोब टन-हंड्रेडवेटांत, बाजाराचा खंडींत. पण गांठीचें वजन असें बसलें कीं दोन्ही वह्या एकमेकींशीं ताडून पाहतां येतात. रुईचा भाव अजूनहि खंडीवर, म्हणजे सुमारें ३५६ किलोवर, सांगितला जातो. जुन्या वहींत ‘खंडी ५०’ असें दिसलें तर त्या दिवशींच्या बिल्टींत शंभर गांठी शोधाव्या.

१९२५ नंतर तर शोधाचें काम आणखी सोपें होतें. त्या सालच्या कायद्यानें प्रत्येक दाबगिरणीस गांठीवर आपला ठराविक मार्का व अनुक्रमांक घालणें भाग पडलें. म्हणून १९२५ पुढील बिल्टी व गिरणीची वही हीं दोन्ही मिळालीं, तर अमुक गांठ अमुक दिवशीं दारव्ह्यास दाबली गेली, अमुक दिवशीं मूर्तिजापुरास उतरली व मुंबईंत अमुक पेढीनें सोडविली, असा माग काढतां येईल. पेढीच्या निर्यातीच्या वह्या हातीं आल्या तर जहाजापर्यंतहि. मग मँचेस्टर कीं कोबे, हा वाद तर्कानें लढण्याचें कारण उरणार नाहीं.

हे कागद अडतीच्या दुकानांत, माळ्यांवर, पेट्यांत होते, व कांहीं अजून आहेत. त्यांस वाळवीपेक्षां आमच्यासारख्यांचें भय अधिक. आम्हीं स्वतः केलेली एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं वऱ्हाडांतील एका जुन्या अडत्याच्या घरीं मोडी रुमाल पाहण्यासाठीं आम्ही गेलों होतों. रुमाल होते, पण ज्या पोत्यांत ते ठेविलेले, त्या पोत्यांच्या तळाशीं दोऱ्यांत ओंवलेल्या पावत्यांचे गठ्ठे होते. जांभळ्या पेन्सिलीनें भरलेल्या, रेल्वेच्या नांवाच्या. घरधन्यांनीं विचारलें, “मास्तर, हें पण पाहतां का?” आम्हीं हात हलवून सांगितलें, “तें राहूं द्या, तें अलीकडचें आहे.” रुमालांतून निघालीं तीं दोन गहाणखतें व एक सोयरिकीची यादी. हीं आम्हीं नकलून घेतलीं. तीन वर्षांनीं, हा विषय मनांत शिरल्यावर, पुन्हां गेलों, तेव्हां घर पाडून नवें होत होतें व पावत्या रद्दींत वजनावर गेल्या होत्या. गहाणखतांनीं आम्हांस आजवर कांहींहि सांगितलेलें नाहीं.

ज्या कारंज्यावरून ही गाडी जाई, तें गांव आपणां सर्वांस तेथील जैन भांडारांमुळें ठाऊक आहे. रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींत तेथील पोथ्यांची नोंद झाली, पुष्पदंताचें ‘जसहरचरिउ’ वैद्यांनीं संपादिलेलें १९३१ त तेथूनच प्रसिद्ध झालें, आणि अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासास त्यानें नवें बळ आलें. त्या पोथ्या शेंकडों वर्षें जपणारा समाज मुख्यत्वें व्यापारी होता. एका हातानें पोथी व दुसऱ्या हातानें वही लिहिणाऱ्या त्या घरांतून आपण पोथी तेवढी उचलली. वहीकडे पाहिलें नाहीं.

गाडीस शकुंतला हें नांव देणाऱ्यास कालिदास अभिप्रेत होता कीं नाहीं कोणास ठाऊक. नांव मात्र नेमकें बसलें आहे. पांचव्या अंकांत शकुंतलेच्या बोटांत आंगठी नसते. ती राजास जुनी आठवण सांगते. दीर्घापांग नांवाचें हरिणाचें पाडस, तें राजाच्या हातचें पाणी पीत नव्हतें, ही गोष्ट. आठवण खरी आहे, सुंदर आहे, आणि राजावर तिचा कांहीं परिणाम होत नाहीं. स्मृति परत येते ती सहाव्या अंकांत, आंगठी दिसल्यावर. आणि ती आंगठी राजाच्या संग्रहांत सांपडत नाहीं, शक्रावतारच्या कोळ्यास माशाच्या पोटांत सांपडते व तो ती बाजारांत विकावयास काढतो. आमच्या स्मरणलेखकांचें पाडस आम्हांस आवडलें. आंगठी रद्दीवाल्याकडे शोधावी लागेल.

यासाठीं संग्राहकांस कांहीं व्यावहारिक सूचना. अशा पावत्या मिळाल्यास स्टेशनाचें नांव, तारीख, गांठींची संख्या व मार्का एवढें तरी उतरून घ्यावें. गठ्ठ्याचा दोरा सोडूं नये, कारण ओंवण्याचा क्रम हा बहुधा तारखेचा क्रम असतो. जांभळ्या पेन्सिलीच्या लिखाणास पाणी लागूं देऊं नये. तें तत्काळ पसरतें. आणि कागदाची पाठ अवश्य पाहावी. अडत्यांचे मुनीम हमाली व तोलाई यांची टिपणें पाठीवर करीत, कित्येकदां मोडींत, व मूर्तिजापुराच्या धक्क्यावर एक गांठ उतरवून चढविण्यास काय पडे, हा आंकडा सांपडलाच तर तेथें सांपडेल.